ज्येष्ठातलं पाणी आणि दशहऱ्याचे दिवे

मराठी दिनदर्शिकेत ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदेच्या चौकटीत बारीक अक्षरांत ‘गंगा दशहरा प्रारंभ’ असं छापलेलं असतं आणि दशमीच्या चौकटीत ‘दशहरा समाप्ती’. मधल्या दिवसांकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. वटपौर्णिमा तोंडावर आलेली असते, कौलं शेकारायची असतात, वह्यापुस्तकांना कव्हरं घालायची असतात. तरीही दशमीच्या दिवशी नाशिकच्या रामकुंडावर, पैठणला, नृसिंहवाडीला, वाईच्या घाटांवर कुणी ना कुणी हातात द्रोण घेऊन पायऱ्या उतरत असतंच. काही पायऱ्या उतरल्यावर त्या माणसाला कळतं की पाणी गेल्या महिन्यापेक्षा आणखी तीन-चार पायऱ्या खाली गेलंय.

सण नदीचा, आणि तो येतो नदीत पाणी सगळ्यांत कमी असताना. दशहऱ्याचा विधी हे लक्षात ठेवून वाचावा असं मला मनापासून वाटतं. नाहीतर पोथीतला प्रत्येक शब्द पाळूनही नदीचं नुकसान होतं, आणि दरवर्षी ते होताना दिसतंच.

दशहरा म्हणजे दहा हरण करणारी. दहा काय, तर दहा पापं, आणि ती नावानिशी सांगितलेली आहेत. न दिलेली वस्तू घेणं, शास्त्राबाहेरची हिंसा आणि परस्त्रीगमन ही तीन देहाची. कठोर बोलणं, खोटं बोलणं, चहाडी करणं आणि असंबद्ध बडबड ही चार वाचेची. दुसऱ्याच्या धनावर डोळा, मनात कुणाचं वाईट चिंतणं आणि खोट्या गोष्टीचा हट्ट ही तीन मनाची. संकल्पातच हा सगळा हिशेब येतो: त्रिविध कायिक, चतुर्विध वाचिक, त्रिविध मानसिक. पळीभर पाणी सोडताना हे शब्द भराभर म्हटले जातात आणि कानावरून निघून जातात. ते सावकाश ऐकले तर एक गोष्ट जाणवते. हाताने केलेल्या पापांपेक्षा तोंडाने केलेली एकाने जास्त आहेत, आणि त्यांत ‘उगाच बोलणं’सुद्धा धरलेलं आहे. दहा बुड्या मारायच्या असतात, तेव्हा एकेका बुडीला यातल्या एकेकाचं नाव मनात घ्यावं. मोजायला वेगळी बोटं लागत नाहीत आणि बुडी मारण्यात घाईही होत नाही.

आता तिथी. यात अधूनमधून गोंधळ होतो.

शास्त्रकारांनी या दिवसाचे दहा योग सांगितलेत: ज्येष्ठ महिना, शुक्ल पक्ष, दशमी, बुधवार, हस्त नक्षत्र, गर करण, आनंद योग, व्यतीपात, कन्येचा चंद्र आणि वृषभेचा रवी. दहाही एका दिवशी जुळणं फार दुर्मीळ, म्हणून दशमी दोन दिवस असेल तर ज्या दिवशी योग जास्त जमतात तो दिवस घ्यायचा, असा नियम आहे. इथवर सोपं आहे. अडचण येते ती अधिक ज्येष्ठ आला की. अधिक महिन्यात सण-उत्सव करायचे नाहीत हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं, म्हणून बहुतेक घरांत दशहराही निज, म्हणजे पुढच्या नेहमीच्या, महिन्यावर ढकलला जातो. पण दशहरा याला अपवाद आहे. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी शके १७१२ मध्ये, म्हणजे १७९०च्या सुमारास, ‘धर्मसिंधु’ लिहिला. आपल्याकडचे पंचांगकर्ते आणि पुरोहित आजही त्याचाच आधार घेतात. त्यात स्पष्ट आहे की अधिक मास असेल तर दशहरा अधिकातच करायचा, निज महिन्यात नाही.

कारण आकाशात बघितलं की पटतं. २०२६चाच दाखला घ्या. अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, आणि त्यातली दशमी २५ मे, सोमवार. त्या दिवशी सूर्य वृषभेत असतो आणि सकाळीच चंद्र कन्येत येतो. निज ज्येष्ठातली दशमी पुढे महिन्याने. तोवर सूर्य मिथुनेत गेलेला असतो आणि चंद्र हस्त मागे टाकून चित्रा-स्वातीकडे निघालेला असतो. म्हणजे सूर्य-चंद्राच्या ज्या योगांवर हा दिवस उभा आहे ते निज महिन्यात सापडतच नाहीत. शिवाय तोपर्यंत आपल्याकडे पाऊस पडून गेलेला असतो, नदीला पहिलं गढूळ पाणी आलेलं असतं आणि निसरड्या पायऱ्यांवर बुड्या मारणं धोक्याचं होतं.

दहा दिवसांच्या गंगा दशहरा स्तोत्राच्या पाठालाही असंच गणित आहे. प्रतिपदेला एकदा, द्वितीयेला दोनदा, असं वाढवत दशमीला दहा वेळा. एकूण पंचावन्न पाठ होतात. मधल्या एखाद्या तिथीचा क्षय झाला की लोक गडबडतात आणि शेवटी बेरीज पन्नासच्या आसपास येते. अशा वेळी त्या एका दिवशी दोन्ही तिथींचे पाठ करून टाकावेत. दशमीला एका बैठकीत दहा पाठ जड जातात, म्हणून सकाळी पाच नि संध्याकाळी पाच अशी विभागणी करायला काही हरकत नाही. दहाव्या दिवशी घशातून आवाज फुटेनासा होतो, त्याचं कारण बहुधा आदल्या नऊ दिवसांत फार मोठ्याने म्हटलेलं असतं.

हा सण मुळात भागीरथीचा. भगीरथाच्या तपाने ती हिमालयातून खाली आली तो हा दिवस, आणि काशीला या दहा दिवसांत दशाश्वमेध घाटावर स्नान करायचं हे शास्त्रातलं मुख्य विधान. हरिद्वारला ज्येष्ठात उभं राहिलं तर तिथी अगदी नदीला विचारून ठरवल्यासारखी वाटते. वर बर्फ वितळत असतो, हवेत चाळीस अंशांचा उन्हाळा आणि पाणी असं गार की तिसऱ्या बुडीला कानशिलं दुखतात. साखळी धरल्याशिवाय पाय टिकत नाही इतकी ओढ असते. काशीला हाच महिना वेगळा दिसतो. पैलतीराला वाळूचा रुंद पट्टा उघडा पडलेला असतो, तरी मधली धार वाहत असते. पाण्यात सोडलेली गोष्ट तिथे तासाभरात नजरेआड जाते.

गोदावरीला बर्फ नाही. ब्रह्मगिरीवर पडलेला पाऊस आणि झिरपलेलं पाणी, एवढीच तिची मिळकत. त्यात नाशिकच्या वरच्या अंगाला गंगापूर धरण आहे, त्यामुळे उन्हाळ्यात रामकुंडात किती पाणी असेल हे धरणातून आवर्तन सुटलंय की नाही यावर ठरतं. घाटावरची माणसं पंचांगाबरोबर ‘पाणी सुटलंय का?’ हेही विचारून घेतात. आवर्तन चालू असेल तर पाणी खळाळतं, बंद असेल तर कुंडातलं पाणी जवळजवळ थांबलेलं असतं. २०१६च्या दुष्काळात तर उन्हाळ्यात रामकुंड कोरडं पडलं होतं. तरीही नाशिकचा माणूस तिला गोदावरी क्वचितच म्हणतो. तो ‘गंगेवर’ जातो, ‘गंगेला’ पूर येतो आणि पूर किती चढला हे रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं त्यावरून सांगतो. गौतमांनी आणलेली ही गंगाच, अशी श्रद्धा असल्यावर दशहरा इथे होणारच. शास्त्रही आडवं येत नाही. गंगा जवळ नसेल तर मिळेल त्या नदीवर जाऊन अर्घ्य आणि तिलोदक, म्हणजे तीळ घातलेलं पाणी, द्यावं, एवढी मोकळीक आहे.

आपल्या नद्यांचे स्वतःचे उत्सव कुठल्या महिन्यात येतात ते बघण्यासारखं आहे. नर्मदा जयंती माघ शुद्ध सप्तमीला, गोदावरीचा जन्मोत्सव माघ शुद्ध दशमीला आणि वाईचा कृष्णाबाईचा उत्सव माघ-फाल्गुनात, एकेका घाटाचा वेगळा. त्या दिवसांत पावसाचा गाळ खाली बसलेला असतो, पाणी नितळ असतं, पुरेसं असतं आणि घाटावर मांडव घालायला जागा उघडी झालेली असते. तापीची जयंती तेवढी आषाढातली, पण पावसाळ्याच्या तोंडाची. या भागातल्या लोकांनी आपापल्या नदीची तब्येत ओळखून दिवस धरलेत असं मला यातून दिसतं. दशहरा मात्र हिमालयातल्या नदीचा दिवस आहे. तो इथे करताना हात आखडता घ्यावा लागतो, कुठे ते सांगतो.

धर्मसिंधूतला विधी असा आहे. आधी घरी अंग स्वच्छ करून निघायचं. याला मलापकर्षण स्नान म्हणतात, आणि तीर्थावर जाऊन साबण लावणाऱ्याने हा शब्द जरूर लक्षात ठेवावा. नदीवर आचमन, संकल्प आणि दहा बुड्या. मग तूप लावलेले तीळ दहा पसे पाण्यात सोडायचे, गूळ आणि सातूच्या पिठाचे दहा पिंड सोडायचे. काठावर कलशावर गंगेची प्रतिमा ठेवून ‘नमः शिवायै नारायण्यै दशहरायै गङ्गायै नमः’ या मंत्राने पूजा करायची. जोडीला नारायण, रुद्र, ब्रह्मा, सूर्य, भगीरथ आणि हिमालय यांचीही पूजा. फुलं दहा, दिवे दहा, नैवेद्य दहा, विडे दहा, धूप दशांग. शेवटी दहा जणांना तिळाचं दान.

पोथीतला शब्द ‘प्रसृती’ आहे. आपला ‘पसा’ त्यातूनच आला: एका हाताचा खोलगट तळवा, त्यात मावेल तेवढं. तिळाचा एक पसा साधारण तीस-चाळीस ग्रॅम भरतो. दहा पसे म्हणजे एका माणसाचे तीनशे ते चारशे ग्रॅम. थांबलेल्या कुंडात शंभर माणसांनी हे अक्षरशः केलं तर तीस-चाळीस किलो तेलबी आणि वर तूप, एका दिवसात. कोमट पाण्यात विरघळलेला प्राणवायू मुळातच कमी असतो. दहा अंश तपमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरला सुमारे ११.३ मिलिग्रॅम मावतो, तीस अंशांना जेमतेम ७.५. स्नानाच्या पाण्यात तो किमान पाच मिलिग्रॅम असावा असं आपलं सरकारी मानक आहे. म्हणजे हरिद्वारच्या थंड धारेला जो नैवेद्य पचतो तो ज्येष्ठातल्या रामकुंडाला पचत नाही. बी कुजायला लागली की ती हाच प्राणवायू खाते आणि पहाटे, जेव्हा तो सगळ्यांत कमी असतो, तेव्हा मासे पाण्याच्या वर तोंड काढायला लागतात. तुपाचा तवंग वरून येणारी हवाही अडवतो.

यावर उपाय त्याच विधीत आहे. दान आणि विसर्जन दोन्हीकडे दहाचाच आकडा आहे, तेव्हा तिळाचं दान दहाही जणांना पूर्ण द्यावं आणि पाण्यात दहा दाणे सोडावेत. सातूचा पिंडही बोराएवढा पुरतो, आणि तो मासे दिसतील तिथेच, एकेक करून, आधीचा खाल्ला गेल्यावर. तळाशी जाऊन आंबणाऱ्या पिंडाचा उपयोग कुणालाच नाही.

या विधीतला मला सगळ्यांत जवळचा वाटणारा भाग आता जवळजवळ सगळीकडे गाळला जातो. मासा, कासव, बेडूक, मगर, आणि हंस, कारंडव, बगळा, चक्रवाक, टिटवी, सारस यांच्या मूर्ती सोन्याच्या, रुप्याच्या, तांब्याच्या, आणि ऐपत नसेल तर पिठाच्या करून त्यांची गंध-फुलांनी पूजा करायची आणि गंगेत सोडायच्या. नदीची पूजा करताना तिच्यात राहणाऱ्यांचीही पूजा. या यादीत टिटवी आहे हे विशेष. आपल्याकडे टिटवी ओरडली की अशुभ मानतात, आणि इथे तिला फूल वाहायचं आहे. टिटवीचं घर नदीकाठच्या उघड्या गोट्यांतही असतं. उन्हाळ्यात पाणी हटलं की त्या गोट्यांत चार खडे सरकवून केलेल्या खळग्यात ती अंडी घालते. अंडी मातकट, त्यावर काळे ठिपके, आणि टोकं आतल्या बाजूला वळवून चारही अशी बसवलेली की दोन पावलांवरूनही गोटेच वाटावेत. डोक्यावर घिरट्या घालत ती ‘टिटीव-टिटीव’ करायला लागली की पाय जिथे आहे तिथे थांबवावा, खाली नीट बघावं आणि आल्या वाटेने मागे फिरावं. गावाबाहेरच्या, घाट नसलेल्या काठावर दशहरा करणाऱ्याने हे पाळलं तर पिठाची टिटवी केली नाही तरी चालेल.

पिठाची करायचीच असेल तर दिव्यांच्या कणकेतूनच होते, आणि दिव्यांबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण दहापैकी सात-आठ दिवे बुडतात ते करण्यातल्या चुकीने.

दहा दिव्यांना एक वाटी कणीक पुरते, साधारण शंभर ग्रॅम. त्यात चिमूटभर हळद घाला, मीठ नको. पाणी तीन ते चार टेबलचमचे, तेही एकदम ओतायचं नाही. पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट मळायचं, मळताना मनगट दुखलं पाहिजे. सैल कणकेचा दिवा तूप गरम झालं की बसतो आणि चोचीकडून तूप गळतं. वीस मिनिटं झाकून ठेवून लहान लिंबाएवढे दहा गोळे करायचे. अंगठ्याने खळगा करताना तळ जाड ठेवायचा आणि कड पातळ, पण अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ नको. जड तळामुळे द्रोण डगमगत नाही. कच्चा दिवा उन्हात वाळवला तर तडकतो, म्हणून मोदकपात्रात दहा-बारा मिनिटं वाफवून गार करावा. वाफवलेला दिवा आकार धरून राहतो, आणि न वापरलेला दिवा गुळाबरोबर खाताही येतो.

वात फुलवातच घ्यावी. लांब वातीचं टोक वाऱ्याने एका अंगाला झुकतं आणि द्रोणाची कड पेटवतं. फुलवाती आदल्या दिवशी तुपात भिजवून थंड जागी थिजवून ठेवाव्यात. पातळ तूप दिव्यात ओतून नेलं तर चालताना डचमळतं, पाण्यात सोडल्यावरही हलतं, आणि द्रोण एकदा कलला की सगळं तूप त्याच बाजूला जाऊन तो उलटतो. थिजलेलं तूप जागचं हलत नाही. ज्येष्ठातल्या हवेत ते तासाभरात मऊ पडतं, तेव्हा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून न्यावा. वातीच्या टोकाला भीमसेनी कापराची चिमूट चोळली की पहिल्या काडीला पेटते. एका फुलवातीला चमचाभर तूप असलं तर दिवा अर्धा तास सहज चालतो.

द्रोण पळसाचा. पळसाला पानं तीनच, पण ती या दिवसांत नवी असतात. फाल्गुनात फुलं येऊन गेली की वैशाखात पालवी येते, आणि ज्येष्ठापर्यंत पान रुंद, जून होऊन टाचायला घट्ट झालेलं असतं. वाळलेला जुना द्रोण टाच्याच्या रेषेवर फाटतो, म्हणून निघण्याआधी पाव तास त्यावर पाणी शिंपडून ठेवावं. बाजारात चंदेरी मुलामा दिलेले कागदी द्रोण मिळतात ते घेऊ नयेत. वरचा पापुद्रा प्लॅस्टिकचा असतो, पाण्यात कागद निघून जातो आणि चकचकीत कातडं गाळात वर्षानुवर्षं राहतं.

दिवा द्रोणाच्या अगदी मधोमध बसवायचा. खाली ओल्या कणकेची टिकली लावली की घसरत नाही. बोटभर बाजूला सरकला तरी द्रोण तिरका तरंगतो. भोवती फुलं घालायची तर मोगऱ्याच्या सुट्या कळ्या चार-पाच. झेंडूचं मोठं फूल नको, ते पाणी शोषून एका अंगाला जड होतं. पेटवायचा पाण्याजवळ बसून, वाऱ्याकडे पाठ करून. ज्येष्ठात संध्याकाळी पश्चिमेचा वारा असतो, आणि घाटाच्या भिंतीची आड मिळेल ती पायरी शोधावी. मग दोन्ही तळव्यांवर द्रोण धरून तळवे पाण्याला टेकवायचे, थोडे बुडवायचे आणि द्रोण आपोआप उचलला जाईपर्यंत थांबायचं. तो उचलला गेला की हात खालून हळूच काढून घ्यायचे. बहुतेक लोक इथेच द्रोणाला पुढे ढकलतात, पुढची कड पाण्याखाली जाते आणि दिवा विझतो. ढकलायचं काम नदीचं आहे. तिला ओढ नसेल तर कितीही ढकललं तरी तो दोन हातांवरून फिरून पायरीशीच येतो, आणि तासाभराने तिथे विझलेल्या पन्नास द्रोणांचा तुपकट थर साचतो.

म्हणून आवर्तन बंद असेल, पाणी थांबलेलं असेल, तर दिवे सोडूच नयेत. पाण्यालगतच्या कोरड्या पायरीवर दहाही दिवे एका ओळीत ठेवावेत, पुरते जळू द्यावेत आणि गार झाल्यावर उचलून घरी आणावेत. पाण्यात प्रतिबिंब पडतंच. पोथीत दहा दिवे दाखवायला सांगितलेत. ते पाण्यात सोडण्याची चाल जिथे धार आहे तिथे सुंदर दिसते यात शंका नाही.

पायऱ्यांबद्दलही सांगायला हवं. उन्हाळ्यात पाणी हटल्यावर उघड्या पडलेल्या पायऱ्यांवर वरून कोरडं, आतून ओलं शेवाळ असतं. सरळ उतरलं की टाच घसरते आणि माणूस मागे, डोक्यावर पडतो. आडवं, एका कुशीला वळून उतरावं, हात साखळीवर किंवा वरच्या पायरीवर. अंगाला तेल लावून तर मुळीच उतरू नये. आवर्तन त्या दिवशी सुटणार असेल तर पाणी दुपारनंतर एकाएकी वाढू शकतं, म्हणून ठेवलेलं सामान आणि लहान मुलं दोन्ही वरच्या टप्प्यावर असावीत.

नदीला काय द्यायचं नाही हेही जुन्या शास्त्रात आहे, आणि फार स्पष्ट आहे. गंगेवर जाऊन चौदा गोष्टी टाळाव्यात असं सांगितलंय. त्यांत शौच आहे, केस टाकणं आहे, अंग चोळणं-रगडणं आहे, पाण्यात खेळणं आहे, अंगावरचं वस्त्र तिथे टाकून देणं आहे आणि निर्माल्य टाकणंही आहे. एका तीर्थावर उभं राहून दुसऱ्या तीर्थाची स्तुती करणंसुद्धा त्यात मोडतं. तरीही प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारून निर्माल्य पुलावरून नदीत फेकलं जातं आणि वर नमस्कार केला जातो. फेकणाऱ्याच्या मनात भक्ती असते याबद्दल मला शंका नाही, म्हणूनच हे वचन घरोघरी माहीत व्हायला हवं. पूजेचं फूल नदीतच गेलं पाहिजे असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. नदीत टाकू नये हे जास्त जुनं आहे.

निर्माल्याची माती करायला फार काही लागत नाही. फुलांतला दोरा, जरीचे तुकडे, अगरबत्तीच्या काड्या वेगळ्या काढायच्या. एक भाग फुलांना दोन भाग कोरडा पाला घालायचा. पाला कमी पडला की फुलं चिकट होऊन वास सुटतो, आणि लोक इथेच कंटाळून सोडून देतात. नारळाची करवंटी त्यात घालू नये, ती वर्षभर तशीच राहते.

ओटीचं तसंच. खण-नारळाने नदीची ओटी भरायची पद्धत फार गोड आहे. पण तो खण पाण्यात सोडला की पुढच्या बंधाऱ्याच्या लोखंडी जाळीला जाऊन गुंडाळतो. ओटी नदीला दाखवावी, काठावरच्या ओल्या वाळूला हळदकुंकू लावावं, आणि खण-नारळ तिथेच एखाद्या सवाष्णीच्या ओटीत घालावा. शिवून घालायला मिळाला की त्या खणाचं चीज होतं.

ज्याला नदीवर जाणं शक्य नाही त्याने घरी कलशपूजा करावी. पुण्या-मुंबईच्या सदनिकेत किंवा परदेशातल्या घरात, नळाच्या पाण्यावरही ती होते. ‘गङ्गे च यमुने चैव गोदावरि सरस्वति’ म्हणत त्या पाण्यात सात नद्या बोलवायच्या. या श्लोकात नर्मदा, सिंधू, कावेरी आहेत, कृष्णा मात्र नाही, म्हणून कृष्णाकाठची माणसं तिचं नाव स्वतंत्र घेतात. तांब्याचा कलश पाऊण भरावा. आंब्याची पानं पाण्यात बुडतील इतकी खाली नकोत, नाहीतर संध्याकाळपर्यंत पाण्याला चीक येतो. काशीहून आणलेला, झाळून बंद केलेला गंगेचा गडू घरात असेल तर तो न उघडता कलशाशेजारी पूजेत ठेवावा. हे गडू काही वर्षांनी हलके लागतात, झाळलेल्या जागी सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी पाणी उडून जातं. दशहऱ्याला गडू हातात घेऊन कानाशी हलवून बघायला हा दिवस चांगला. नैवेद्याला दहा प्रकारची फळं हवीत की दहा नग, हा प्रश्न दरवर्षी पडतो. एका जातीची दहा चालतात. दहा आंबे ठेवले तरी दशहरा पूर्ण होतो, आणि ज्येष्ठात करवंदं, जांभळं, फणसाचे गरे असतातच.

दशमीच्या दुसऱ्या दिवशी, अधिक ज्येष्ठाचं वर्ष नसेल तर, निर्जला एकादशी येते. काल दहा बुड्या मारलेल्या माणसाने आज सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत पाणी प्यायचं नाही. स्नान आणि आचमन तेवढं मोकळं. आचमनाचं पाणी किती, तर तळहातावर उडदाचा एक दाणा बुडेल इतकं. द्वादशीला भरलेला पाण्याचा माठ दान द्यायचा आणि मग पहिला घोट घ्यायचा.